जुन्या फोर-व्हील-ड्राइव्हला चोरीविरोधी कुलपं: कुलूप घेण्याआधी ते कशावर बसणार ते बघा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. गाडी नव्वदच्या दशकातली, डिझेल, फोर-व्हील-ड्राइव्ह, मागे कापडी हूड. कंपनीतून आलेला इमोबिलायझर, म्हणजे ओळखीची चावी असल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा, नाही. रात्री उघड्यावर उभी राहते आणि सुट्टीच्या दिवशी कच्च्या रस्त्यांवर, ओढ्यांतून फिरते. स्टिअरिंग लॉक, लपवलेला कट-ऑफ (वीज तोडणारा) स्विच आणि जाड साखळी यांपैकी एकच काही घ्यायचं तर काय घ्यावं?

एक नाव सांगून मोकळं होणं सोपं आहे, पण तेवढ्यानं तुमची गाडी वाचेलच असं नाही. अशा गाड्यांना कुलपं बसवण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय आणि चोरीचा प्रयत्न झाल्यावर दुरुस्तीला आलेल्या गाड्याही पाहतो. त्यांत फोडलेलं कुलूप क्वचित दिसतं. कुलूप बहुधा शाबूत असतं. ज्या पत्र्यावर ते बसवलं होतं तो पत्रा वाकवलेला असतो, ज्या बोल्टनं धरलं होतं तो साध्या पान्यानं खोललेला असतो, नाहीतर स्टिअरिंगचं चाकच कापलेलं असतं. म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, हे कुलूप कशाला धरून बसणार? आणि दुसरा, तेवढाच महत्त्वाचा: चढावर, पाण्यात, खड्ड्यांत ते तुम्हालाच दगा देणार नाही ना? या दोन प्रश्नांच्या चाळणीतून तुमचे तिन्ही पर्याय काढले की निवड बरीच सोपी होते.

आधी चोरी कशी होते ते वेगळं करून घेऊ, कारण एका प्रकारावरचा उपाय दुसऱ्यावर अजिबात चालत नाही. पहिला प्रकार म्हणजे गाडी चालू करून चालवत नेणं. दुसरा, गाडी न चालू करता नेणं: टो करून, नाहीतर विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओढणारं यंत्र, लावून ट्रेलरवर ओढून. तिसरा, गाडी जागेवर ठेवून तिचे भाग नेणं. जुन्या ऑफ-रोड गाड्यांत हा तिसरा प्रकार लोक फार हलक्यात घेतात. या गाड्यांची बांधणीच अशी, की दार, बोनेट, स्टेपनी, बंपर, विंच सगळं बाहेरून दिसणाऱ्या नट-बोल्टवर असतं आणि एका सालचं दार दुसऱ्या सालच्या गाडीला बसतं. लँड रोव्हर डिफेंडरचं जुनं मॉडेल जानेवारी २०१६मध्ये बनायचं थांबलं. उत्पादन थांबलेल्या पण रस्त्यावर हजारोंनी फिरणाऱ्या गाडीच्या भागांना गिऱ्हाईक असणारच. अशा गाडीला तुम्ही जगातलं सगळ्यात भारी स्टिअरिंग लॉक लावलंत तरी सकाळी तिची दोन्ही दारं गेलेली असू शकतात.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील, आणि त्या मला इथून दिसत नाहीत. गाडी रोज काढता की पंधरा दिवसांतून एकदा? उभी राहते ती जागा तुमच्या मालकीची आहे का, म्हणजे जमिनीत अँकर (साखळी अडकवायचं पक्कं कडं) बसवता येईल का? ट्रान्सफर केसचा, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे नेणाऱ्या पेटीचा, दांडा वेगळा आहे की बटणावर चालतं? डिझेल पंप बंद कशानं होतो, सोलेनॉइडनं (विजेवर उघडबंद होणाऱ्या छोट्या भागानं), केबलनं की व्हॅक्यूमनं? पुढचं वाचताना ही उत्तरं मनात ठेवा, काही ठिकाणी निर्णय त्यावर उलटतो.

सुरुवात मात्र सगळ्यांची एकाच ठिकाणी व्हायला हवी, ती म्हणजे चावीच्या कुलपापाशी. तीस वर्षं वापरलेल्या इग्निशन लॉकमधल्या पितळी पट्ट्या इतक्या झिजलेल्या असतात, की दुसऱ्याच गाडीची चावी किंवा साधा स्क्रू-ड्रायव्हर घातला तरी ते फिरतं. स्वतःच करून बघा: चावी अर्धवट बाहेर ओढलेली असताना फिरते का? चालू इंजिनमध्ये ती हातात निघून येते का? तसं होत असेल तर आधी नवं बॅरल, म्हणजे चावी फिरते तो कुलपाचा गाभा, बसवा, दारांची कुलपंही बदला. तुमच्या आधी गाडीचे किती मालक झाले आणि त्यांच्याकडे किती चाव्या राहिल्या हे कुणालाच सांगता येत नाही. स्टिअरिंग कॉलमचा मूळ लॉक ज्या क्लॅम्पनं धरलेला असतो त्याचे बोल्ट डोकं तुटून गेलेले, म्हणजे शिअर बोल्ट, असायला हवेत. आधीच्या दुरुस्तीत तिथं कुणीतरी साधे बोल्ट घातलेले मला वरचेवर सापडतात. हे काम स्वस्तात होतं आणि बाकी सगळ्याचा पाया आहे.

आता कट-ऑफ स्विच. याबद्दल गैरसमज सगळ्यात जास्त आहेत, म्हणून इथं जरा थांबतो.

युरोपात नव्या मोटारींना इलेक्ट्रॉनिक इमोबिलायझर सक्तीचा झाला तो ऑक्टोबर १९९८पासून. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत इंजिनाला चावी ओळखता येत नाही. लष्करी वापरासाठी बनलेल्या कित्येक जीपना तर चावीच नव्हती, नुसता फिरवायचा स्विच होता. त्यातही मेकॅनिकल पंपाचं डिझेल इंजिन हा वेगळाच विषय आहे. पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते, त्यामुळे कॉइलची वायर तोडली की ते बंद. डिझेलला ठिणगी लागत नाही. बॉश व्हीई जातीच्या रोटरी पंपावर एक छोटा सोलेनॉइड असतो. त्याला १२ व्होल्ट मिळाले की डिझेलची वाट उघडते, वीज गेली की बंद होते. इंजिन चालू ठेवायला एवढीच वीज पुरते. म्हणजे ज्याला हे माहीत आहे तो डॅशबोर्डकडे बघतच नाही. बोनेट उघडतो, बॅटरीपासून सोलेनॉइडपर्यंत एक वायर टाकतो आणि स्टार्टरला थेट करंट देतो. इग्निशनच्या वायरीत तुम्ही कितीही हुशारीनं लपवलेला स्विच मग निरुपयोगी ठरतो. ज्या इंजिनांत बंद करायला खेचायची केबल असते, तिथं तर एवढंही करावं लागत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, डिझेल गाडीत स्विचपेक्षा आधी बोनेट कुलूपबंद झालं पाहिजे. दोन, सोलेनॉइडवर पोलादी टोपी बसवता आली तर बसवा. अशा टोप्या शिअर बोल्टवर येतात, आणि वायर तिच्या आतून चिलखती नळीतून नेतात. टोपी बसवण्याआधी तो सोलेनॉइड नवा टाकून घ्या, कारण नंतर तो बिघडला तर तुम्हालाही तिथं सहज हात घालता येणार नाही.

डिझेलच्या नळीवर बसवायचा वाल्वही मिळतो. मी तो ऑफ-रोड गाडीला सहसा सुचवत नाही. वाल्व बंद असला तरी पुढच्या नळीत आणि फिल्टरमध्ये उरलेल्या डिझेलवर गाडी थोडं अंतर जाते आणि मग रस्त्याच्या मधोमध बंद पडते. नंतर गाडी तुम्हाला परत मिळाली तरी पंपातून हवा काढत बसावं लागतं. त्याहून मोठी भीती वेगळी आहे. हा वाल्व किंवा डिझेल सोलेनॉइडच्या वायरीतला हलका स्विच हादऱ्यानं चालत्या गाडीत बंद झाला तर? तीव्र उतारावर इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग जातं, ब्रेकचा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि इंजिनाचा रोधही भरवशाचा राहत नाही. चोरापासून वाचवायला लावलेली वस्तू माणसाच्या जिवावर उठता कामा नये.

म्हणून मी स्विच घालतो तो स्टार्टरच्या वायरीत. इंजिन एकदा सुरू झालं की स्टार्टरचं काम संपतं, त्यामुळे वाटेत स्विच हलला, भिजला, तुटला तरी चालत्या गाडीला काही होत नाही. फार तर पुढच्या वेळी सुरू होणार नाही, आणि तेव्हा गाडी थांबलेली असते. इथंही एक खबरदारी हवी. चावीपासून स्टार्टरच्या सोलेनॉइडकडे जाणाऱ्या वायरीतून ओढला जाणारा करंट क्षणभर का होईना मोठा असतो, आणि दिव्याचा छोटा टॉगल स्विच त्यात घातला तर त्याची टोकं काही महिन्यांत जळतात. मध्ये रिले, म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट जोडणारा विजेचा स्विच, घ्या आणि लपवलेला स्विच रिलेच्या कॉइलच्या बाजूला ठेवा. त्या कॉइलला पाव अँपिअरही लागत नाही, त्यामुळे स्विच लहान चालतो, वायर बारीक चालते आणि दोन्ही लपवणं सोपं जातं. मूळ वायरीच्याच रंगाची वायर वापरा आणि मूळ कापडी टेपमध्येच गुंडाळा. लाल-निळी नवीकोरी वायर जुन्या गुंडाळीतून बाहेर डोकावत असेल तर शोधणाऱ्याचं काम तुम्हीच सोपं केलंत. नवी फीड घेतली असेल तर बॅटरीच्या जवळ फ्यूज टाका, हे विसरू नका. जुन्या वायरिंगमध्ये चोरीपेक्षा आगीनं गाड्या गेलेल्या मी जास्त पाहिल्यात.

स्टार्टरचा स्विच ढकलून सुरू करणाऱ्याला अडवत नाही. उतारावर उभी केलेली डिझेल गाडी गिअर टाकून सोडली की सुरू होते. ती उणीव पुढे पेडल आणि गिअरच्या कुलपानं भरून काढायची.

बॅटरीचा मोठा लाल चावीचा आयसोलेटर, म्हणजे बॅटरीची सगळी वीज तोडणारा स्विच, अनेकजण चोरीविरोधी म्हणून लावतात. त्याची ती लाल चावी जगभर जवळपास एकाच घाटाची असते, कुणालाही सुटी विकत मिळते. आयसोलेटर जरूर लावा, पण आग आणि उतरणारी बॅटरी यांच्यासाठी. कुलूप म्हणून त्यावर विसंबू नका. लावलात तर तो इंजिन चालू असताना फिरवायचा नाही. अल्टरनेटरचं व्होल्टेज एकदम उसळतं आणि त्याचे डायोड उडतात.

आता केबिनमधली कुलपं. तुम्ही नेहमीचा दांड्याचा स्टिअरिंग लॉक पाहिला असेल. दांड्यात दोष नाही, दोष स्टिअरिंगच्या चाकात आहे. त्याच्या कड्यात आत एक बारीक सळई आणि वर फोम किंवा प्लास्टिक असतं. हॅक्सॉनं ते कडं एका जागी कापलं, जरा वाकवलं की दांडा निघून येतो, आणि कापलेल्या चाकानं गाडी व्यवस्थित वळते. म्हणून स्टिअरिंगलाच लॉक लावायचा तर पूर्ण चाक झाकणारा, थाळीसारखा पोलादी लॉक घ्या. कडं आत बंद झालेलं असल्यामुळे कापायला काही उरत नाही. शिवाय जुन्या गाड्यांत मधली टोपी काढली की एका मोठ्या नटवर सगळं चाक निघतं आणि चोर आपलं चाक बसवू शकतो. थाळी तो नटही झाकते. फक्त चाकाचा व्यास टेपनं मोजून घ्या. या गाड्यांची मूळ चाकं मोठी असतात, आणि एखाद्यानं लहान स्पोर्ट्स चाक बसवलेलं असतं. मापाची थाळी नसेल तर ती हलते, आणि हलणाऱ्या थाळीत पहार घालायला जागा होते.

पेडल बॉक्स, म्हणजे क्लच आणि ब्रेक दोन्ही एका पोलादी पेटीत धरणारं कुलूप, मला तुमच्यासारख्या गाडीला विशेष आवडतं. पेडलचे दांडे जाड लोखंडाचे असतात, ते कापायला पायांच्या जागेत आडवं पडून अवघड कोनात ग्राइंडर चालवावा लागतो. शिवाय ढकलून सुरू करण्याचा मार्गही बंद होतो. पण विकत घेताना एक बघा: ते पेडल दाबलेल्या अवस्थेत धरतं की सुट्या? दाबलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे धरून ठेवलं तर क्लचच्या हायड्रॉलिक सिलिंडरचे रबर उगीच ताणात राहतात. सुटं पेडल दाबू न देणारं घ्या. आणि फ्लोअरला बोल्ट करायच्या जातीचं असेल तर मॅट उचलून पत्रा टोचून पाहा. पायाखालचा पत्रा हा या गाड्यांत गंजाचा पहिला बळी असतो. गंजलेल्या पत्र्यावर बसवलेलं कुलूप टॉमीच्या एका हिसक्यात पत्र्यासकट वर येतं. आधी पत्रा कापून नवा वेल्ड करा, मग कुलूप.

गिअर लॉकबद्दल लोक विचारतात. साध्या मोटारीत तो चांगला, कारण खालून हात पोचत नाही. आपल्या गाड्यांत गिअरबॉक्सवरचं झाकण, म्हणजे मधला टनेल, स्क्रूंवर बसवलेलं असतं, आणि गाडी उंच असल्यामुळे माणूस आरामात खाली सरकतो. गिअर लॉकचा ब्रॅकेट नुसत्या त्या टनेलच्या पत्र्याला धरलेला असेल तर तो न लावल्यासारखाच. चेसिसच्या क्रॉस-मेंबरपर्यंत (आडव्या तुळईपर्यंत) किंवा सीटखालच्या भक्कम पेटीपर्यंत आधार नेता येत असेल तरच बसवा.

ट्रान्सफर केसचा दांडा वेगळा असेल तर मात्र एक चांगली सोय तुमच्या हाताशी आहे. ट्रान्सफर न्यूट्रलमध्ये टाकून त्या दांड्याला कुलूप लावलं, तर इंजिन सुरू झालं, गिअर पडला, तरी गाडी इंचभर हलत नाही. गाडी चालू करणारा माणूस हाय-लो रेशो वापरणारा नसेल तर त्याला क्लच गेला असंच वाटतं. पण हे करण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. ट्रान्सफर न्यूट्रलमध्ये असताना गिअरमध्ये ठेवून गाडी थोपवता येत नाही, सगळा भार एकट्या हँडब्रेकवर येतो. लँड रोव्हरसारख्या काही गाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो. तो न्यूट्रलमध्येही धरतो, पण मधे डिफरेन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जुळणी, असल्यामुळे मागचं एक चाक जॅकनं उचललं की गाडी घरंगळू शकते. म्हणून हे फक्त सपाट जागेवर, हँडब्रेक तपासून आणि चाकांना पुढे-मागे लाकडी ठोकळे लावून. उतारावर कधीही नाही.

उचलून किंवा ओढून नेण्यावर वरचं काहीच पुरेसं नाही, तिथं साखळी लागते. साखळी घेताना १६ मिलिमीटर किंवा त्याहून जाड, हार्डन केलेली घ्या. त्याहून बारीक साखळ्या मोठ्या बोल्ट कटरला बळी पडू शकतात. ब्रिटनमध्ये १९९२मध्ये सुरू झालेली सोल्ड सिक्युअर ही संस्था कुलपं-साखळ्या प्रत्यक्ष फोडून बघून त्यांना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड अशा श्रेणी देते. अशा कुठल्यातरी स्वतंत्र चाचणीचा शिक्का असलेला माल घ्या, वेष्टणावरच्या मोठ्या अक्षरांवर जाऊ नका. बॅटरीवरचा ग्राइंडर आज कुठलीही साखळी कापतो, हे खरं आहे. फरक वेळेचा आणि आवाजाचा पडतो, आणि जाड कडीला दोन्ही बाजूंनी कापावं लागतं.

साखळी कशातून ओवता हे तिच्या जाडीपेक्षा महत्त्वाचं. बंपरमधून नको, तो चार बोल्टांवर असतो. चाकाच्या रिममधून नको, चाक पाच मिनिटांत निघतं. टो-बॉलभोवती नको, तो एक-दोन नटांवर असतो. चेसिसच्या दोन्ही रेल जोडणाऱ्या क्रॉस-मेंबरभोवती घ्या, नाहीतर ॲक्सलच्या नळीभोवती. ॲक्सलवर घेताना ब्रेकची नळी कुठून जाते ते टॉर्च लावून बघा. ती नळी ॲक्सलच्या पाठीवरून क्लिपांत जाते आणि साखळी दोन आठवडे तिच्यावर घासली तर गळती सुरू होते. साखळी जमिनीवर लोळत ठेवू नका. कटरचा एक दांडा जमिनीवर टेकवून दुसऱ्यावर अंगाचं सगळं वजन देता येतं. ती ताणलेली आणि जमिनीपासून वर ठेवा. कुलूप कडी झाकलेलं घ्या, चावीचं तोंड खाली राहील असं लटकवा. आणि साखळी लावली की स्टिअरिंगला एक मोठा लाल फडका बांधायची सवय लावा. साखळी विसरून गाडी पुढे घेतली तर ॲक्सलचंच नुकसान होतं.

जमिनीत अँकर शक्य नसेल तर चाकाचं क्लॅम्प हा दुसरा पर्याय. त्यात चाकाचे नट झाकणारंच मॉडेल घ्या, नाहीतर क्लॅम्पसकट चाक काढून स्टेपनी चढवली की झालं. गाडी भिंतीकडे तोंड करून, पुढची चाकं पूर्ण वळवून, कॉलम लॉक अडकवून उभी करा. ट्रेलरवर ओढणाऱ्याला तिरक्या चाकांची गाडी फार त्रास देते, आणि यासाठी तुम्हाला काही विकत घ्यावं लागत नाही.

आता भागांची चोरी आणि त्यासोबत बोनेट. ही कामं किचकट वाटतात, पण एका सुट्टीच्या दिवसात घरी करता येतात. बोनेटची केबल अनेक गाड्यांत ग्रिलमधून हुक घालून ओढता येते, म्हणून बोनेटला चावीचं वेगळं कुलूप हवं, आणि त्याचा खालचा भाग पुढच्या पॅनेलच्या पातळ पत्र्यावर न राहता मागे तीन-चार मिलिमीटरची पोलादी पट्टी देऊन बसवा. बिजागऱ्या विसरू नका: बोनेट पुढून कुलूपबंद आणि मागून बिजागरीचे दोन बोल्ट उघडे, असं चित्र फार वेळा दिसतं. दारांच्या बिजागऱ्या, स्टेपनीचा कॅरियर, विंचची प्लेट इथं शिअर नट किंवा मध्ये पिन असलेले सिक्युरिटी बोल्ट घाला. ॲलन बोल्ट असतील तर त्यांच्या खाचेत मापाची पोलादी गोळी ठोकून वर इपॉक्सी भरली तरी पाना बसत नाही. पुढे काढायचं झालं तर ड्रिल करावं लागेल, हे मान्य करूनच हे करा.

ॲल्युमिनियमची बॉडी असेल तर स्टीलचा बोल्ट थेट लावू नका. दोन धातू आणि पावसाचं पाणी एकत्र आलं की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं आणि वर्ष-दोन वर्षांत बोल्टाभोवती भोक मोठं होतं. खाली नायलॉनचं वॉशर आणि दोन धातूंना वेगळं ठेवणारी पेस्ट वापरा. चकचकीत दिसतो म्हणून स्टेनलेस बोल्ट घेऊ नका, ८.८ ग्रेडचा साधा हाय-टेन्साइल बोल्ट सहसा त्याच्याहून मजबूत असतो. जिथं आरपार बोल्ट शक्य आहे तिथं बाहेरून गोल गुळगुळीत डोकं आणि आतून नट ठेवा. भोक पाडण्याआधी पलीकडे काय आहे ते हातानं चाचपा, डिझेलची टाकी, ब्रेकची नळी, वायरिंग. चेसिस रेलच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नका, सीटबेल्टचे बोल्ट आणि रोल केज यांना हात लावू नका. पाडलेल्या प्रत्येक भोकाला प्रायमर आणि रंग दिल्याशिवाय बोल्ट आवळू नका.

तुमचं कापडी हूड ब्लेडनं एका रेघेत फाटतं. त्यामुळे झिजलेली कुलपं बदलण्यापलीकडे दारांच्या कुलपांवर फार खर्च करण्यात अर्थ नाही, उलट दार उघडं असलं तर निदान हूड वाचतं. हूडखाली चेसिसला बोल्ट केलेली एक पोलादी पेटी बसवा आणि अवजारं, रिकव्हरीचं सामान, कागदपत्रं तिच्यात ठेवा. बोल्ट पेटीच्या आतून असावेत. प्रत्येक चाकाला एक लॉकिंग नट लावा, स्टेपनीलाही. तो एअर गननं न आवळता टॉर्क पान्यानं आवळा, नाहीतर त्याची किल्ली गोल होऊन तुम्हीच पंक्चरच्या वेळी अडकाल.

तुमच्या गाडीला माझा क्रम असा राहील. पहिल्यांदा इग्निशन बॅरल आणि बोनेटचं कुलूप. मग पेडल बॉक्स, मग स्टार्टरच्या रिलेवरचा लपवलेला स्विच. त्यानंतर, गाडी आठवड्यात अनेक दिवस जागेवर उभी राहत असेल आणि अँकर बसवता येत असेल, तर साखळी. रोज काढत असाल तर साखळीच्या आधी थाळीचा स्टिअरिंग लॉक. बिजागऱ्यांचे बोल्ट मधल्या एखाद्या दिवशी. एकदम सगळं घेऊ नका. रोज लावायला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लागणारं कुलूप माणूस पावसात, घाईत, रात्री उशिरा लावत नाही, आणि गाडी नेमकी त्याच दिवशी जाते. रोजची दोन, लांब मुक्कामाची एक, एवढं कुणालाही जमतं. ट्रॅकर याला पूरक म्हणून जरूर लावा, पण तो गाडी थांबवत नाही, गेल्यावर कुठे गेली ते सांगतो.

निगा सोपी आहे पण सोडून चालत नाही. ओढ्यातून आल्यावर कुलपांत बारीक गाळ बसतो. जाड ग्रीस किंवा इंजिन ऑइल घालू नका, त्यात धूळ चिकटून घट्ट लगदा होतो. पाण्यानं धुवून, वाळवून ग्रॅफाइट किंवा कोरडा टेफ्लॉन स्प्रे मारा. वापरत नसलात तरी प्रत्येक कुलूप अधूनमधून उघडबंद करा. विमा असेल तर बसवलेल्या वस्तूंची यादी आणि पावत्या कंपनीला लेखी द्या. दारं, बोनेट, हूडच्या फ्रेमवर आतल्या बाजूनं चेसिस नंबर पंच करून त्याचे फोटो ठेवा, म्हणजे सुटा भाग सापडला तर तो तुमचाच हे दाखवता येतं.

आणि चाव्या. बऱ्याच कुलपांसोबत चावीचा क्रमांक लिहिलेलं कार्ड येतं, ते गाडीत ठेवू नका. जादा चाव्यांचा जुडगा घरी ठेवा. लपवलेला स्विच कुठे आहे हे तुमच्याशिवाय आणखी एका माणसाला माहीत असू द्या. डोंगरात तुम्हाला दुखापत झाली आणि गाडी दुसऱ्याला चालवत खाली आणावी लागली, तर त्याला ती सुरू करता आली पाहिजे. पंपाचा सोलेनॉइड आणि ट्रान्सफरचा दांडा तपासून काय आहे ते कळवलंत तर स्विचची नेमकी जोडणी मी सांगतो.